एका सामन्याचा हंगाम

याच अंकाच्या शेवटी क्रीडाविभागाचा वार्षिक अहवाल छापलेला असेल. त्यात कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, मैदानी खेळ अशी क्रमवारी लागेल आणि कोठेतरी खाली एक ओळ येईल : 'फुटबॉल संघाने आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत भाग घेतला.' या ओळीत खोटे काहीच नाही. आम्ही भाग घेतला. सत्तर मिनिटे घेतला आणि रात्रीच्या बसने परत आलो. परंतु या ओळीच्या मागे जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर असे तीन महिने उभे आहेत. ते अहवालात मावत नाहीत, म्हणून हा लेखनप्रपंच. पराभवाचे रडगाणे गाण्याचा माझा हेतू नाही. आमच्याहून चांगला संघ जिंकला, हे प्रथमच मान्य करून टाकतो. माझा वाद त्या संघाशी नाही, पंचांशी नाही, स्पर्धा भरविणाऱ्यांशीही नाही. माझा वाद आहे तो ज्या रीतीने आपल्याकडे सर्वत्र या स्पर्धा घेतल्या जातात त्या रीतीशी, म्हणजे बाद पद्धतीशी. जो हरला तो घरी गेला, ही ती पद्धत.

चामोर्शीत फुटबॉल, हे ऐकूनच काही वाचकांना नवल वाटेल. आपल्याकडे खेळ म्हणजे कबड्डी, आणि संक्रांतीच्या सुमारास शंकरपट. पण ज्यांना नवल वाटते त्यांनी एकदा घोटकडच्या किंवा शेजारच्या मुलचेरा तालुक्यातील बंगाली गावांत संध्याकाळी जाऊन पाहावे. पूर्व बंगालमधून निर्वासित होऊन आलेली ही कुटुंबे सरकारने आपल्या जंगलात वसविली, त्याला आता दोन-तीन पिढ्या झाल्या. त्यांनी येताना बरोबर भांडीकुंडी किती आणली असतील कोण जाणे, फुटबॉल मात्र आणला. धान कापून बांधी मोकळी झाली की तेथे बांबूचे दोन-दोन खांब रोवले जातात आणि अंधार पडेपर्यंत चेंडू दिसेनासा होत नाही. आमच्या संघातील सोळांपैकी सहा जण या गावांतले. चार जण वसतिगृहातले, एटापल्ली-भामरागडकडचे. त्यांच्या घरी माडिया बोलतात. उरलेले सहा माझ्यासारखे, आसपासच्या खेड्यांतून सायकलीने किंवा बसने येणारे, ज्यांनी कॉलेजात येईपर्यंत खरा फुटबॉल हातात, नव्हे पायात, फारसा घेतलाच नव्हता.

फारसा म्हणतो, कारण एकदा घेतला होता. १५ सप्टेंबर २०१७ रोजी राज्य शासनाने एकाच दिवशी महाराष्ट्रातील दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळावा असा कार्यक्रम आखला होता. त्या वर्षी सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात व्हावयाचा होता, त्याची ही पूर्वतयारी. मी तेव्हा सहावीत होतो. आमच्या शाळेच्या अंगणातही त्या दिवशी चेंडू आला, आम्ही सर्व वर्ग मिळून त्याच्यामागे धावलो, फोटो निघाले. दुसऱ्या दिवशी चेंडू कपाटात गेला. पुढे माझी शाळा संपली, तरी कपाट उघडले नाही! एका दिवसाचा खेळ आणि एका सामन्याचा हंगाम यांत मला मोठा फरक दिसत नाही.

आता संघाविषयी थोडे. आमच्यापैकी बहुतेक जण पोलीस भरतीची तयारी करणारे. पहाटे आष्टी रोडवर ट्रकच्या दिव्यांच्या उजेडात जी पोरे धावताना दिसतात ती हीच. सोळाशे मीटर किती मिनिटांत काढायचे हे यांना झोपेत विचारले तरी सांगतील. त्यामुळे आमच्या संघाला दम भरपूर होता आणि खेळ कमी होता. चेंडू ज्याच्याकडे गेला तो सरळ रेषेत धावत सुटे. पुढे गोल आहे की निलगिरीचे झाड, याचा विचार नंतर. बंगाली मित्र कपाळावर हात मारून घेत. 'एदिके, एदिके!' म्हणून ते ओरडत, आणि 'इकडे दे' असा त्याचा अर्थ आम्हांस पंधरा दिवसांनी कळला. ऑगस्टअखेर मात्र ते शब्द सगळ्यांचे झाले. भामरागडचा आमचा गोलरक्षक तर शुद्ध बंगालीत शिव्या देऊ लागला. तीन भाषांची पोरे एका चेंडूभोवती बोलायला शिकली, हे मी स्वतः पाहिले. राष्ट्रीय एकात्मतेवरील निबंधात मला दहापैकी चार गुण आहेत, तरी हे सांगतो.

मैदानाची कथा सर्वांना ठाऊक आहे. पावसाळ्यात त्यावर गुरे चरतात आणि गोलाच्या पुढे पाणी साचते. सोळांपैकी नऊ जणांकडे खिळ्यांचे बूट होते. हे नऊ जोड पायांच्या मापाने वाटून घ्यावे लागत, त्यामुळे कोण कोणत्या जागी खेळणार हे पुष्कळदा कप्तान नव्हे, बूटच ठरवीत. रोवणीच्या दिवसांत अर्धा संघ बांधीत असे. मीही होतो. घरी दोन एकर धान. रोवणीला मजूर लावणे परवडत नाही, मग मुलगा कॉलेजात आहे म्हणून काय झाले? सकाळी वाकून रोवणे आणि संध्याकाळी उभे राहून हेडिंग. पाठीला दोन्ही कामे एकाच दिवशी समजावून सांगणे कठीण जाते. तरी कोणी सराव सोडला नाही. वर्गात ज्यांची हजेरी लागत नसे ती मुलेदेखील चार वाजता मैदानावर हजर असत. ही गोष्ट प्राध्यापक महोदयांनी कृपया रागावून न घेता विचारात घ्यावी. घरात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेल्या मुलाला येथे टिकवून धरणाऱ्या गोष्टी थोड्या असतात. काहींना पुस्तक धरून ठेवते, काहींना मित्र, काहींना मैदान.

स्पर्धा चंद्रपूर जिल्ह्यातील एका गावी होती. पहाटे पाचला निघालो, वैनगंगेच्या पुलावर उजाडले. समोर आला तो मोठ्या गावचा संघ, गेली काही वर्षे एकत्र खेळणारा, आणि सर्वांना बूट असलेला. पहिल्या पस्तीस मिनिटांत त्यांनी तीन गोल केले. पहिला गोल तर असा झाला की आमची बचावफळी चेंडूकडे पाहत होती आणि त्यांचा खेळाडू मोकळ्या जागेकडे. आम्ही तोपर्यंत आपापसांतच खेळलेलो. अकरा परकी माणसे एका विचाराने अंगावर येतात तेव्हा कसे वाटते, हे सरावात कसे कळावे?

मध्यंतरात आमचा कप्तान फार बोलला नाही. 'ते उजवीकडून येतात, दोघे तिकडे राहा, आणि चेंडू मिळाला की उभे राहून बघा,' एवढेच म्हणाला. दुसरी पस्तीस मिनिटे मी जन्मभर विसरणार नाही. आम्ही उभे राहून पाहू लागलो. तीन, चार, पाच वेळा चेंडू एकमेकांस देऊन पुढे नेऊ लागलो. पंचावन्नाव्या मिनिटाच्या सुमारास आम्ही गोल केला. त्यांना त्या अर्ध्यात एकही करता आला नाही. सामना ३–१ असा संपला. दुसऱ्या अर्ध्यापुरते पाहिले तर १–० असा आम्ही जिंकलो होतो, पण अर्धा सामना जिंकणाऱ्यास कोणी पुढच्या फेरीत घेत नाही, घेऊही नये.

माझा मुद्दा येथून सुरू होतो. फुटबॉल म्हणजे काय हे आम्हांस ज्या क्षणी समजू लागले, त्या क्षणी आमचा हंगाम संपला. तीन महिन्यांच्या सरावाने जे शिकवले नाही ते सत्तर मिनिटांनी शिकवले. आणि ते वापरावयास पुढचा सामना नाही. पुढचा सामना एक वर्षाने. संघातले पाच जण तृतीय वर्षाचे. त्यांना तोही नाही.

घरी आल्यावर वडिलांनी विचारले, किती सामने खेळलास? एक, म्हणालो. ते विडी विझवीत म्हणाले, 'काहून रे बाबू, एका दिवसाच्या खेळासाठी तीन महिने धावला तू? आम्ही पऱ्हे टाकतो, रोवणा करतो, निंदण करतो. एका दिवसात सारे गेले तर त्याला दुष्काळ म्हणतो. तुमच्या कॉलेजात त्याला स्पर्धा म्हणतात काय?' माझे वडील चौथीपर्यंत शिकले आहेत. बाद पद्धतीवर याहून नेमकी टीका मी अद्याप वाचलेली नाही.

हिशेब करून पाहा. सोळा संघ आहेत असे धरा. बाद पद्धतीने पंधरा सामन्यांत सर्व निकाल लागतो. त्यात आठ संघ एकच सामना खेळतात, चार संघ दोन, दोन संघ तीन आणि फक्त दोन संघ चार. म्हणजे ज्यांना खेळ चांगला येतो त्यांनाच जास्त खेळावयास मिळते, आणि ज्यांना शिकण्याची सर्वांत जास्त गरज त्यांना सर्वांत कमी. हेच धोरण वर्गात लावले तर काय होईल? पहिल्या चाचणीत जो नापास झाला त्याने घरी जावे, पुढचे धडे फक्त पहिल्या येणाऱ्यांसाठी! आपण तसे करीत नाही. आपल्याकडे नापासाला ए.टी.के.टी. आहे. माझ्या वर्गातील निम्मी मुले त्या चार अक्षरांवर वर्ष काढतात आणि पुढे पदवीही मिळवितात. विद्येच्या बाबतीत आपण इतके दयाळू, मग खेळाच्या बाबतीतच इतके कठोर का?

'स्पर्धा म्हणजे स्पर्धा' असे एका मित्राने मला सुनावले. मान्य आहे. पण जगातील सर्वांत मोठ्या स्पर्धेनेही हा धडा गिरवला आहे. १९३४ साली इटलीत जो विश्वचषक झाला तो पहिल्या फेरीपासून बाद पद्धतीचा होता. ब्राझील आणि अर्जेंटिना हे देश बोटीने अटलांटिक महासागर ओलांडून गेले, २७ मे रोजी एकेक सामना हरले आणि त्यांचा विश्वचषक संपला. सोळांपैकी आठ संघ त्या एका दिवशी बाद झाले. १९३८ साली फ्रान्समध्ये पुन्हा तेच. त्या वेळचा डच ईस्ट इंडीज, म्हणजे आजचा इंडोनेशिया, हा विश्वचषकात खेळणारा आशियातील पहिला संघ. तो हंगेरीकडून ०–६ हरला आणि परतला. त्यानंतर आजवर तो देश विश्वचषकात पोहोचलेला नाही. १९५० पासून विश्वचषकात पुन्हा गट आले, आणि आज कितीही दुबळा संघ असो, त्यास तीन सामने मिळतात.

याचा लाभ आपल्याच देशाला कसा झाला ते वर उल्लेखिलेल्या २०१७ च्या विश्वचषकात दिसले. सतरा वर्षांखालील आपला संघ पहिल्या सामन्यात अमेरिकेकडून ०–३ हरला. त्या संघात आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधवही होता. बाद पद्धत असती तर भारताची कहाणी तेथेच संपली असती. पण गट होते, म्हणून दुसरा सामना होता. आणि ९ ऑक्टोबर रोजी कोलंबियाविरुद्ध मणिपूरच्या जिक्सन सिंगने जो गोल केला तो कोणत्याही वयोगटातील विश्वचषकात भारताने केलेला पहिला गोल. तो सामनाही आपण १–२ असा हरलो, त्यापुढचा घानाविरुद्धचा ०–४ असा. तिन्ही हरलो. तरी तो गोल कोणी पुसू शकत नाही, आणि तो पहिल्या सामन्यात झालेला नाही.

याउलट १९४८ चे लंडन ऑलिंपिक पाहा. स्वतंत्र भारताचा संघ, बहुतेक खेळाडू अनवाणी, कप्तान नागा टेकड्यांतला डॉ. टी. आओ. फ्रान्सशी गाठ पडली. दोन पेनल्टी वाया गेल्या, तरी सामना अखेरपर्यंत १–१ असा होता. शेवटच्या मिनिटांत फ्रान्सने गोल केला आणि आपण बाद. एकच सामना. डोंगरातून आलेल्या त्या कप्तानाला आणि त्या अनवाणी पायांना आणखी दोन सामने मिळते तर काय झाले असते, असा प्रश्न मला नेहमी पडतो. आमच्या गोलरक्षकाला मी डॉ. आओंची हकीकत सांगितली तेव्हा त्याने एवढेच विचारले, 'ते डॉक्टर झाले, मग फुटबॉल केव्हा खेळत होते?' उत्तर असे की दोन्ही एकाच काळात. कलकत्त्यात ते वैद्यकीचे शिक्षण घेत होते आणि मोहन बागानकडून खेळत होते.

फार लांब जाण्याचेही कारण नाही. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतील मुलांचा फुटबॉल उभा केला, हे २०२२ च्या 'झुंड' चित्रपटामुळे सर्वांना माहीत झाले आहे. ज्या बेघरांच्या विश्वचषकात ही मुले पुढे खेळली, त्याची एक गोष्ट मात्र चित्रपट पाहून आलेल्यांपैकी फारशा कोणाच्या लक्षात राहिलेली नाही. २००३ साली ऑस्ट्रियातील ग्राझ येथे सुरू झालेल्या या स्पर्धेत कोणताही संघ बाद होऊन घरी जात नाही. हरणाऱ्यांचे गट वेगळे पडतात, त्यांच्यासाठी वेगळे चषक असतात आणि प्रत्येक संघ शेवटच्या दिवसापर्यंत खेळतो. ज्यांना आयुष्याने एकदा बाहेर काढलेले आहे त्यांना मैदानाने पुन्हा बाहेर काढू नये, एवढा साधा विचार त्यामागे आहे.

बाद पद्धत सर्वस्वी वाईट, असेही माझे म्हणणे नाही. आपल्या गावोगावच्या कबड्डीच्या स्पर्धा बादच असतात. पण तेथे आज कुनघाड्यात हरलेला संघ आठ दिवसांनी भेंडाळ्यात उतरतो, तेथे हरला तर आणखी कोठे. हिवाळाभर स्पर्धा चालू असतात, म्हणून आपली कबड्डी जिवंत आहे. कोल्हापूरच्या फुटबॉलचेही तेच. तेथे तालमींचे आणि मंडळांचे सोळा संघ साखळीत खेळतात आणि त्याशिवाय चषकांचे सामने होतात. एका पराभवाने पाटाकडील तालमीचे किंवा दिलबहारचे वर्ष बुडत नाही. आमच्या फुटबॉलला मात्र वर्षात एकच दार, आणि तेही एकदाच उघडणारे.

खेळाडूंसाठी शासकीय नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे, त्यासाठी तरी खेळा, असे आम्हांस सांगतात. ते ज्यांना मिळते त्यांना मिळो. राज्य पातळीवर क्रमांक आणणारा मुलगा चामोर्शीतून निघावयाचा तर त्याला आधी वर्षाकाठी एकाहून अधिक सामने मिळाले पाहिजेत.

आता खर्चाची अडचण. ती खरी आहे आणि तिला हसून चालणार नाही. वर सांगितलेल्या सोळा संघांचे चार-चारचे चार गट केले तर गटांचे चोवीस सामने होतात, पुढे उपान्त्य आणि अंतिम मिळून तीन. म्हणजे पंधराऐवजी सत्तावीस. सिरोंच्याहून गडचिरोलीला यावयाचे तर दोनशे किलोमीटरच्या आसपास प्रवास. तेथील संघाला तीन वेळा कोण आणणार? प्रवासभत्ता, मुक्काम, पंचांचे मानधन, सत्र परीक्षांचे वेळापत्रक, मधेच येणारा पाऊस. हे सर्व मला दिसते. म्हणूनच मोठ्या स्पर्धेत बदल होण्याची वाट पाहत बसू नये असे माझे मत आहे. ती होईल तेव्हा होईल. आपली साखळी आपण करावी.

चामोर्शीपासून गडचिरोली, आष्टी, मूल, सावली, गोंडपिपरी ही सर्व गावे बसने दीड तासाच्या आत आहेत. या गावांतील महाविद्यालयांचा प्रत्येकी एक संघ आणि आपला एक, असे सहा संघ झाले तर साखळीचे पंधरा सामने होतात. एका रविवारी तीन सामने धरले तर पाच रविवार. प्रत्येक संघाला पाच सामने मिळतात, मुक्काम कोठेच करावा लागत नाही, सकाळच्या बसने जाऊन संध्याकाळी घरी. गोलाचे खांब बांबूचे चालतील. गडचिरोली जिल्ह्यात बांबू नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. फक्की लागेल, दोन चेंडू लागतील, शिट्टी लागेल. धान मळून झाल्यावर जानेवारीत सुरुवात करावी, आणि महाशिवरात्रीला मार्कंड्याची जत्रा भरायच्या आत शेवटचा सामना व्हावा. त्या काळात पाऊस नसतो, बांधीत काम नसते आणि परीक्षाही दूर असते. एखादे गाव तयार झाले नाही तर मुलचेऱ्याकडील बंगाली गावांचा एक संघ घ्यावा. ते महाविद्यालयीन नाहीत म्हणून कोणी नाक मुरडू नये. आम्हांस खेळ त्यांच्याच पोरांनी शिकवला आहे.

मुलींविषयी एक शब्द. आमच्या सामन्याची हकीकत ऐकून वर्गातील दोघी म्हणाल्या की गावी त्या भावांबरोबर खेळतात आणि आमच्या बचावफळीपेक्षा बरे खेळतात. खरे-खोटे मैदानावर ठरेल. अकरा जमल्या नाहीत तरी पाच-पाचचा सामना होतोच.

क्रीडाविभागाच्या सरांशी मी बोललो आहे. पाचही महाविद्यालयांना पत्रे पाठविण्यास त्यांची ना नाही; पण आधी आपला संघ किती जणांचा ते सांगा, असे ते म्हणाले. तृतीय वर्षाचे पाच जण यंदा जातील, म्हणजे आम्ही उरलो अकरा, आणि बदली खेळाडू एकही नाही. ज्यांना खेळावयाचे आहे त्यांनी आपली नावे जूनमध्ये कॉलेज उघडताच क्रीडाविभागात द्यावीत. बूट नसले तरी चालेल. पायाचे माप मात्र नावापुढे लिहावे.